दोन कॅम्पर, दहा माणसं आणि इटलीची तळी

कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, घेऊन इटलीच्या तळ्यांना जायचं असेल तर आधी गाडी कुठे उभी करायची ते ठरवा, काय बघायचं ते मग. ही तळी हिमनद्यांनी खोदलेली, लांबोळकी, दोन्ही बाजूंना डोंगर थेट पाण्यात उतरलेले, त्यामुळे रस्त्याला जागाच नाही. गार्डा तळ्याच्या पश्चिम काठाचा रस्ता १९३१ साली झाला, तोही डोंगर पोखरून बोगद्यांतून, त्याआधी लिमोने गावात बोटीने नाहीतर डोंगरातल्या पायवाटेने जावं लागायचं. अशा रस्त्यावर सात मीटर लांब आणि तीन मीटर उंच घर चालवत 'चला आता पुढचं गाव' करायला गेलं की गाव दिसतं पण थांबायला मिळत नाही. काठावरच्या बहुतेक पार्किंगला उंचीची दांडी लावलेली असते. म्हणून आम्ही म्युनिकमधे बसून एकच नियम केला होता, प्रत्येक तळ्यावर एक मुक्काम, गाडी तिथे लावायची आणि तळं बोटीने, बसने, रेल्वेने फिरायचं. ट्रिप नीट झाली ती या एका नियमामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

निघण्याआधी

आई-बाबा कोल्हापूरहून आलेले, आम्ही दोघं आणि आमची दोन पोरं असे सहा, मित्राचं कुटुंब चौघांचं. तारखा ठरवायला फार वेळ लागला नाही कारण २०२५ मधे अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी होती, आणि बव्हेरियातल्या शाळा १६ तारखेला उघडणार होत्या. गणपती सोडून कुठे जायचं नाही हे बाबांनी आधीच सांगितलेलं. मधले नऊ दिवस मोकळे. शिवाय सप्टेंबरमधे जर्मनीच्या बाकी बऱ्याच राज्यांतल्या शाळा सुरू झालेल्या असतात, तळ्याचं पाणी उन्हाळाभर तापून छान झालेलं असतं आणि जुलै-ऑगस्टची झुंबड ओसरलेली असते. मे-जूनमधल्या पेंटेकॉस्टच्या सुट्टीत मात्र अर्धं म्युनिक गार्डाला असतं, तेव्हा दोन गाड्यांना शेजारी-शेजारी जागा मिळणं कठीण.

गाडी भाड्याने घेताना सगळे 'किती जण झोपतात' ते विचारतात. पहिला प्रश्न तो नाही, मागच्या सीट्सना बेल्ट किती आहेत हा आहे. सहा जण झोपतील पण बेल्ट चारच अशा गाड्या असतात, आणि बेल्ट नसलेल्या जागेवर माणूस बसवून चालत्या गाडीत नेता येत नाही. आम्ही स्वतःसाठी अल्कोव्ह घेतली, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर डबल बेड असलेली, सहा बेल्टवाली, आणि मित्राने चौघांची छोटी.

दुसरा प्रश्न वजनाचा आणि हा तर कुणी विचारतच नाही. साध्या बी, म्हणजे कारच्या, लायसनवर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते आणि भाड्याच्या जवळपास सगळ्या गाड्या कागदावर बरोबर ३,५०० च्याच असतात. आमची डिझेल, गॅस आणि ड्रायव्हर धरून ३,०५० होती. उरले ४५०. बाकीची पाच माणसं साधारण २५०. म्हणजे कपडे, भांडी, तांदूळ, डाळी, खुर्च्या, टेबल, पोरांच्या सायकली आणि पाणी सगळं मिळून २००. पाण्याची टाकी शंभर लिटरची, ती भरली की अर्धे संपले! त्यामुळे टाकीत वीस लिटर ठेवून निघायचं आणि मुक्कामाला पोचल्यावर भरायची. सायकली घरी राहिल्या. ऑस्ट्रियात वजन तपासतात, जास्त निघालं की दंड होतो आणि कधी कधी सामान उतरवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, पण दंडापेक्षाही ऑस्ट्रिया-इटलीमधल्या ब्रेनर घाटाच्या उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून मी याबाबतीत कडक होतो.

(भारतातून येऊन चालवणार असाल तर आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा, इटलीत ते जवळ असावंच लागतं, आणि आपलं मूळ लायसनसुद्धा बरोबर हवं.)

तळी किती करायची यावरून ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालली. मित्राच्या यादीत पाच होती, गार्डा, इझेओ, कोमो, लुगानो, मॅगिओरे. मी तीनवर अडून बसलो. कॅम्पर हलवायची म्हणजे निदान अर्धा दिवस जातो, खुर्च्या आवरा, वायर गुंडाळा, टाक्या रिकाम्या करा, कपाटं बंद करा, पोचल्यावर सगळं उलट क्रमाने. बाबा ७४ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात, त्यांना रोज नवीन गाव दाखवून काय करायचं? एका जागी दोन-तीन रात्री असल्या की त्यांना सकाळचा चहा पाण्याकडे बघत निवांत घेता येतो. शेवटी मॅगिओरे आणि लुगानो पुढच्या वेळेसाठी ठेवले.

पैशांचं आधीच बोलून घेतलं ते बरं झालं. गाडीचं भाडं आणि डिझेल ज्याचं त्याचं, कॅम्पसाइटचे पैसे ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे, किराणा आणि बाहेरचं खाणं माणशी, पोरं अर्धी. मोबाइलच्या अॅपमधे रोज रात्री टाकायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

गाडी शुक्रवारीच आणली होती. शनिवारी सकाळी सगळं भरून, सगळ्यांना बसवून एका बांधकाम साहित्याच्या यार्डातल्या वजनकाट्यावर गेलो. काट्यावर गाडी स्थिर होईपर्यंत पोरं श्वास रोखून बसली होती जणू त्याने वजन कमी होणार. ३,४४० किलो. यार्डातल्या माणसाने पावती दिली ती मी कागदपत्रांच्या पाकिटात ठेवली. सन व्हायजरवर एक चिठ्ठी चिकटवली, उंची ३.१५, लांबी ७, रुंदी २.३५, म्हणजे दांडी समोर आल्यावर आठवत बसायला नको.

ऑस्ट्रियाची व्हिन्येट, म्हणजे हायवे वापरायचा पास, डिजिटल घेतली तर ती नंबरप्लेटवर असते आणि भाड्याच्या गाडीचा नंबर हातात येतो शेवटच्या क्षणी, म्हणून काचेवर चिकटवायचं दहा दिवसांचं स्टिकर घेतलं, १२.४० युरो. संध्याकाळी विसर्जन, आरती, प्रसाद, आणि दहा वाजता सगळे झोपायला.

रविवार, ७ सप्टेंबर

पहाटे साडेपाचला निघालो. रविवार मुद्दाम घेतला होता कारण रविवारी ट्रकना बंदी असते, आणि सुट्टी संपवून परतणारी गर्दी उत्तरेकडे येत असते, आपण दक्षिणेकडे. ब्रेनरच्या वाटेवरच्या लूएग पुलाचं काम सुरू आहे, १ जानेवारी २०२५ पासून तिथे बऱ्याच दिवशी प्रत्येक दिशेला एकच लेन असते, आणि तिथे दहा वाजता पोचणं आणि आठ वाजता पोचणं यात फार फरक पडतो. आम्ही आठच्या आधी पार झालो. ब्रेनरच्या या ऑस्ट्रियातल्या तुकड्याला व्हिन्येट चालत नाही, त्याचा टोल वेगळा. इन्सब्रुकजवळचा युरोपा पूल १९६३ चा, दरीपासून जवळजवळ १९० मीटर उंच. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, त्यांनी पूल येण्याआधीच चष्मा पुसून ठेवला होता आणि पूल संपल्यावर पुढचा अर्धा तास खांबांबद्दलच बोलत होते.

ब्रेनर ओलांडला की इटलीत टोलची पद्धत बदलते. आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे द्यायचे. पिवळ्या टेलिपासच्या, म्हणजे आपल्या फास्टॅगसारख्या, लेनमधे शिरायचं नाही, वर कार्ड किंवा नोटा-नाण्यांचं चित्र असेल तिकडे जायचं. दोन गाड्या असल्या की मागच्याने डोळे झाकून पुढच्याच्या मागे जायचं आणि वाटेत एकमेकांसाठी थांबत बसायचं नाही, पुढची भेटायची जागा आधीच ठरलेली हवी. हे आम्ही अगदी पाळलं, बोल्झानोच्या आधी एकदा आणि ट्रेंटोनंतर एकदा. सफरचंदांच्या बागा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल, तोडणी सुरू झालेली, लाल पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या.

आफ्फीला हायवेवरून उतरून गार्डाच्या पूर्व काठावरच्या लात्सीझेला सव्वाबाराला पोचलो. इटलीतल्या कॅम्पसाइटना दुपारची शांतता असते, साधारण एक ते तीन फाटक बंद, त्या वेळेत पोचलात तर उन्हात बाहेर थांबावं लागतं. रिसेप्शनवर प्रत्येकाचा पासपोर्ट लागतो, लहान मुलांचासुद्धा, आणि माणशी पर्यटन कर वेगळा.

त्या संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होतं. आईने पंचांगात बघून ठेवलेलं, भारतातली वेळ रात्री ९.५७ ते १.२७, म्हणजे आमच्याकडे ६.२७ ते ९.५७. पोरांना, बाबांना आधीच खायला घातलं, स्वतः वेध पाळणार म्हणाली. तळं पश्चिमेला आणि चंद्र उगवणार पाठीमागे द्राक्षमळ्यांच्या बाजूला, म्हणून आम्ही सगळे खुर्च्या घेऊन कॅम्पच्या मागच्या टोकाला गेलो. सूर्य मावळला, चंद्र उगवायची वेळ झाली आणि काहीच दिसेना. बाबा म्हणाले, "अगं तो ग्रस्तोदित आहे, उगवतानाच ग्रहण लागलेलं, संधिप्रकाशात कसा दिसणार?" सव्वाआठ झाले, अंधार पडत गेला आणि मग मळ्याच्या कडेवरच्या दोन सायप्रसच्या मधे, थोडा वर, विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस गोळा होता तो एकदम सगळ्यांना दिसला. तो तिथे आधीपासूनच होता! शेजारच्या गाडीतले डच आजोबा दुर्बीण घेऊन आले, पोरांना त्यांनी आळीपाळीने बघू दिलं. नऊच्या सुमाराला डावीकडून पांढरी कड उजळायला लागली. मोक्ष झाल्यावर आई अंघोळ करून आली, मग पिठलं-भात टाकला आणि साडेदहाला जेवलो, अकराच्या शांततेआधी भांडीसुद्धा घासून झाली. एवढं समाधानाचं जेवण मी फार दिवसांत जेवलो नव्हतो.

सोमवार

किनाऱ्याने जाणारी बस घेऊन माल्चेझिने. रस्ता तळ्याला इतका चिकटून की उजवीकडे डोंगर आणि डावीकडे थेट पाणी, प्रत्येक वळणावर बसचा ड्रायव्हर हॉर्न देत होता आणि मी मनोमन गाडी कॅम्पवर ठेवल्याबद्दल खूष होत होतो. माल्चेझिनेहून माँटे बाल्दोला दोन टप्प्यांची केबल कार आहे, वरच्या टप्प्यातली केबिन जाता जाता स्वतःभोवती फिरते. पोचतो आपण १,७६० मीटरवर. लवकर जा, दहानंतर रांग मोठी. वरून गार्डाचा आकार नीट कळतो, उत्तरेला अरुंद चिंचोळं, डोंगरांत रुतलेलं, आणि दक्षिणेला एकदम पसरलेलं, काठ दिसेनासा होतो. इटलीतलं हे सगळ्यात मोठं तळं, साधारण ३७० चौरस किलोमीटर, आणि खोली ३४६ मीटर.

खाली किल्ला आहे. १७८६ च्या सप्टेंबरमधे जर्मन कवी गटे इथे या किल्ल्याच्या बुरुजाचं चित्र काढत बसला होता आणि गावकऱ्यांना वाटलं की हा ऑस्ट्रियाच्या बादशहाचा हेर, कारण तेव्हा इथे व्हेनिसचं राज्य होतं आणि सरहद्द जवळच. त्याला बरीच समजूत घालावी लागली. आता त्याच किल्ल्यात त्याचा पुतळा आहे. माझ्या मुलीला शाळेत गटे नुकताच येऊन गेलेला, तिने वहीत त्याच बुरुजाचं चित्र काढलं, तासभर कुणी तिला उठवलं नाही.

दुपारी वारा उलटतो ते बघण्यासारखं आहे. सकाळी उत्तरेकडून वाहतो तो पेलेर आणि दुपारी दक्षिणेकडून येतो तो ओरा. तास-दीड तास पाणी आरशासारखं असतं आणि मग पाण्यावर काळपट सुरकुती सरकत येते आणि पाठोपाठ शंभर शिडं. गार्डाच्या उत्तर टोकाला विंडसर्फिंगवाले जगभरातून येतात ते याच्यासाठी.

मंगळवार

पाऊस. पावसाचा दिवस गाडी हलवायला वापरायचा, हे आधीच ठरलं होतं. निघण्याआधी कामं वाटून दिलेली, मित्र आणि मी सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेटची कॅसेट, बायका आतली कपाटं आणि फ्रीजची कडी, पोरं वायर गुंडाळणार, बाबा छतावरच्या सगळ्या खिडक्या बंद आहेत का ते एकेक हात लावून बघणार. बाबांनी हे काम इतकं मनावर घेतलं की शेवटपर्यंत त्यांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय गाडी सुरू झाली नाही.

वाटेत एक गोष्ट सांगून ठेवतो. इटलीच्या वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे कॅम्पर नुसती चाकांवर उभी असेल, खुर्च्या बाहेर नाहीत, छत्री उघडलेली नाही, काही गळत नाही, तर ते पार्किंग धरतात, कॅम्पिंग नाही. म्हणजे पार्किंगची परवानगी असलेल्या जागी आत बसून जेवायला हरकत नसते. आम्ही तसंच ब्रेशाजवळ बसून पावसात मेतकूट-भात खाल्ला. मात्र गावाच्या आत झेडटीएलची, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची, पाटी, लाल वर्तुळ, दिसली की आत जायचं नाही, कॅमेरे असतात आणि दंडाचं पत्र भाड्याच्या कंपनीमार्फत महिन्यांनी घरी येतं.

इझेओला पोचल्यावर वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोने, इलेक्ट्रिक किटली आणि राइस कुकर एकदम लावला आणि त्यांच्या जागेची वीज गेली. इथे जागेला ६ अँपिअर मिळतात, म्हणजे जेमतेम १,३८० वॅट, नुसती किटलीच दोन हजारची असते. रिसेप्शनवरच्या माणसाने येऊन खांबावरचा खटका वर केला आणि हसून 'गाझ, गाझ' म्हणाला. त्यानंतर सगळा स्वयंपाक गॅसवर, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकून शेजारच्या इटालियन काकू बघायला आल्या, त्यांना वरण चाखायला दिलं.

बुधवार

इझेओ हे तळं फारसं कुणी करत नाही आणि मला तेच सगळ्यात आवडलं. मधे माँटे इझोला नावाचं बेट, अख्खा डोंगरच पाण्यातून वर आलेला, शिखर सुमारे ६०० मीटर, त्यावर देऊळ, म्हणजे चर्च. पाहुण्यांच्या गाड्यांना बेटावर बंदी, तिथले लोक मोटरसायकली वापरतात आणि एक बस आहे. सुल्झानोहून बोटीने काही मिनिटांत पलीकडे. २०१६ च्या जून-जुलैमधे क्रिस्टो या कलाकाराने याच पाण्यावर तरंगता रस्ता केला होता, पिवळ्याधमक कापडाने मढवलेला, सोळा मीटर रुंद, सोळा दिवस, आणि लोक सुल्झानोहून बेटापर्यंत चालत गेले. आता त्याची काही खूण नाही, सगळं काढून नेलं. मी पोरांना मोबाइलवर फोटो दाखवले आणि मग समोरचं रिकामं पाणी, त्यांना खरंच वाटेना.

सकाळचे ढग विरळ होत होते. पेस्किएरा मारालिओ या बेटावरच्या गावात पाण्याकाठी चालताना वहिनी एकदम थबकल्या. वहिनी रत्नागिरीच्या. "वास ओळखला का?" म्हणाल्या. घराच्या कडेला लाकडी कमानींवर, म्हणजे धनुष्यासारख्या वाकवलेल्या काठ्यांवर, चांदीसारखे मासे एकेक करून ओवून टांगलेले. हे आगोने नावाचे तळ्यातले मासे, इथे त्यांना सार्डिन म्हणतात. साफ करून, खारवून, वाऱ्यावर वाळवायचे, मग डब्यात दाबून बसवायचे आणि तेलात बुडवून ठेवायचे, महिनोन् महिने टिकतात. खाताना निखाऱ्यावर भाजून पोलेंटाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीबरोबर. वहिनी जवळ जाऊन बघत होत्या, माशाचं पोट कुठून चिरलंय, डोकं ठेवलंय का, दोन माशांत बोटभर अंतर ठेवलंय ते कशाला, आणि आतून एक आजी आल्या. दोघींची भाषा एक नाही. आजींनी हाताने वारा दाखवला, मग आभाळाकडे बोट करून मान हलवली, म्हणजे पाऊस नको. वहिनींनी मीठ चोळल्याची खूण केली आणि किती असं विचारलं. आजींनी मूठ उघडून दाखवली. वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे आजीसुद्धा मीठ असंच मुठीनं सांगायची. दुपारी आम्ही तिथेच एका खानावळीत ते मागवले, आई-बाबा शाकाहारी, त्यांनी नुसता पोलेंटा आणि चीज खाल्लं. मासा खारट, कडक, तेलकट आणि फार चविष्ट होता. एक बरणी म्युनिकला आणली.

या गावात मासेमारीची जाळी विणायची आणि लाकडी होड्या बांधायची जुनी परंपरा आहे. जाळी सुकत घातलेली होती, पोरांनी त्यातले ठोकळे मोजले. सायकली आणल्या असत्या तरी बेटावर चालणंच बरं, बाबा सुद्धा काठाकाठाने सहज दोन-तीन किलोमीटर चालले.

गुरुवार

कोमोला निघालो. नकाशावर बेर्गामोहून लेक्कोला सरळ रस्ता दिसतो पण तो गावागावांतून, सिग्नलवर थांबत जातो. आम्ही मिलानच्या दिशेने हायवे घेऊन मग ३६ नंबरच्या रस्त्याने वर आलो, लांब पडतं पण रुंद आहे. लेक्कोच्या पुढे लांबच लांब बोगदे, मधेच तळं चमकून जातं. कोमोच्या पश्चिम काठाला कॅम्पर घेऊन जाऊच नका असं मी ठामपणे सांगेन. तिथला रेजिना नावाचा रस्ता गावांतल्या जुन्या घरांच्या भिंतींमधून जातो, समोरून बस आली की एकाने मागे घ्यावं लागतं.

म्हणून मुक्काम कोलिकोला, उत्तरेच्या टोकाला. इथे तळं उघडं, डोंगर थोडे मागे सरलेले, रेल्वे स्टेशन चालत जाण्यासारखं. सोय म्हणून निवडलेली जागा, पण संध्याकाळी पोरं पाण्यात होती आणि आई काठावर पाय सोडून बसली होती.

शुक्रवार

कोलिकोहून लोकलने वारेन्ना, अर्धा ताससुद्धा लागत नाही, डब्यातून उजवीकडे बसायचं. कोमो तळं उलट्या वाय आकाराचं आणि तिन्ही फांद्या मिळतात तिथे वारेन्ना, बेलाजिओ आणि मेनाजिओ अशी तीन गावं समोरासमोर, मधे फेरी सारखी येत-जात असते. कोमोत माणसाला गाडी लागतच नाही, हे तिथे पोचल्यावर कळतं.

आम्ही बोटीने लेन्नोला गेलो, विला देल बाल्बिअनेल्लो हा पाण्याकाठचा जुना बंगला बघायला. सोमवारी आणि बुधवारी बंद असतं म्हणून शुक्रवार धरला होता, घर आतून बघायचं तर आधी वेळ बुक करावी लागते. लेन्नोहून चालत चढ-उतार आहे, आईसाठी छोटी टॅक्सी बोट केली. नोव्हेंबर २०१८ मधे दीपिका-रणवीरचं लग्न इथे झालं, तेव्हापासून आईला ही जागा माहीत होती, तिने कमानीखाली उभं राहून तीन बहिणींना व्हिडिओ कॉल लावले. मला मात्र घराचा शेवटचा मालक जास्त आवडला. गुइदो माँझिनो, १९७३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या इटालियन मोहिमेचा नेता. घराच्या वरच्या मजल्यावर त्याच्या मोहिमांचं सामान मांडलंय, स्लेज, दोर, बूट, तंबूतली भांडी. जाताना त्याने हे सगळं इटलीतल्या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. बाबा तिथून हलेनात. बाहेर गच्चीजवळ एक होल्म ओकचं झाड आहे, माळ्यांनी छाटून छाटून त्याची गोल छत्री केली आहे, पलीकडचं तळं झाकू नये म्हणून.

बेलाजिओमधे फक्त जिलाटो खाल्लं. गाव सुंदर आहे पण पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती, अर्ध्या तासात पुढची फेरी पकडून वारेन्नाला परत, तिथे पाण्यावरून जाणारी पायवाट आहे, संध्याकाळची शांत.

शनिवार

परत येताना ब्रेनर नको होतं. कोलिकोहून कियावेन्ना आणि तिथून दोन वाटा फुटतात. श्प्ल्यूगेन घाट कॅम्परला नको, वळणं फारच आवळ. आम्ही मालोयाने गेलो, १,८१५ मीटर, शेवटी चढाची वळणं आहेत पण पिवळ्या पोस्टबस तिथून रोज जातात, दुसऱ्या गिअरमधे सावकाश गेलं की झालं. भाड्याच्या करारात स्वित्झर्लंड चालतंय का ते आधी बघून घ्या. या वाटेवर मोटारवे लागत नाही त्यामुळे स्विस व्हिन्येटसुद्धा लागत नाही.

मालोयाची गंमत अशी की घाट चढतो पण उतरतच नाही. वर पोचलात की समोर सपाट दरी आणि एकामागोमाग एक तळी, सिल्सचं, सिल्वाप्लानाचं, थंड निळं पाणी. बाबांना इथली पाणलोट सांगितली. जवळच्या लुंगिन खिंडीत पडलेला पाऊस तीन समुद्रांत वाटला जातो, इन नदीतून काळ्या समुद्राला, ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला, आणि पो नदीतून एड्रियाटिकला. इन इथेच उगम पावते आणि मग लांडेकपर्यंत रस्त्याच्या बाजूने येत राहते, आधी ओढा, मग नदी. सिल्सच्या काठावर उरलेल्या भाताला फोडणी दिली, थंडीत तो फार छान लागला. पुढे ऑस्ट्रियातल्या फेर्नपास घाटात गर्दी मिळाली, शनिवार संध्याकाळ होती, घरी पोचायला नऊ वाजले.

रविवार आणि सोमवार

रविवार गाडी धुण्यात. गाडी आतून पुसून, टाक्या रिकाम्या, कॅसेट स्वच्छ, डिझेल भरून द्यायचं असतं, नाहीतर डिपॉझिटमधून कापतात. शनिवारी रात्री थकून आल्यावर हे होत नाही, म्हणून परत द्यायची तारीख सोमवार घेतली होती. सोमवारी सकाळी कंपनीच्या माणसाने टॉर्च लावून छप्पर आणि चारी कोपरे बघितले आणि डिपॉझिट पूर्ण मोकळं केलं. मित्र तिथेच पार्किंगमधे उभा राहून मॅगिओरेचं काढून बसला, एप्रिलमधे वेर्बानियाच्या विला तारांतोत ट्युलिप फुलतात, मुक्काम फेरिओलोला, बोरोमेओंची बेटं बोटीने. मी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, तळं एकच आणि जागा जानेवारीत बुक करायची.